मालकांची मानाची धाव

समोरच्या खोलीत काचेच्या चौकटीत मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, मानपत्र लावलं आहे. मी चौथीपर्यंत शिकले. जोडाक्षरांपाशी अजून अडखळते, पण झाडता-पुसता ते इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. जुन्या काळातले नामांकित धुरकरी, शंकरपटाची शान, बैलांवर पोटच्या लेकरासारखी माया करणारे, असं त्यात लिहिलं आहे. नामांकित होते हे खरं. शान होते हेही खरं. मायेचं मला वेगळं लिहायचं आहे. कोणाला दाखवायला लिहीत नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागे सरते. लिहिताना तसं होत नाही.

माझं लग्न पटावरच ठरलं. धान घरात आलं, बांध्या कोरड्या पडल्या की आमच्याकडे गावोगाव बैलांच्या शर्यतीचा पट भरतो. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, नाटकाचा मंडप पडतो आणि कोणाकोणाच्या सोयरिकी तिथेच जुळतात. माझे वडील आमगावच्या बाजूच्या एका पटाला गेले होते. शेतात शेजारी-शेजारी दोन वाटा आखलेल्या, मध्ये मातीचा उंच धुरा, एकेका वाटेवर एकेक जोडी, मागे हलका छकडा आणि त्यावर जोडी हाकणारा धुरकरी. ज्याची जोडी आधी पोचली तो जिंकला. वडिलांनी मालकांना छकड्यावर उभ्यानं जोडी हाकताना पाहिलं आणि घरी येऊन आईला म्हणाले, "पोरगा पाहून आलो. असा गडी मी आजवर नाही पाह्यला."

"घर पाह्यलं का?" आईनं विचारलं.

"घर कायले पाहायचं? जोडी पाह्यली ना."

घर आईनं लग्नात पाहिलं. कोठा मोठा होता, त्यात पटाची जोडी होती, आणि माणसांना राहायला मागे दोन खोल्या. बैलांना जवसाची ढेप, लाखोळीचा भरडा, थंडीत अंडी आणि दूध. घरातल्या बायांना पेज. पण तेव्हा मला ते खटकलं नव्हतं. गावातून जाताना लोक मालकांसाठी खाटेवरून उठत. मी मागून पदर सावरत चालायची आणि मनात फुगायची.

लग्नानंतरचा पहिला पट मी जाऊबाईंबरोबर पाहिला. आम्ही बाया वाटेच्या शेवटाला, जिथे जोड्या थांबतात, तिथल्या बांधावर उभ्या होतो. झेंडी पडली. लांबून नुसती धूळ दिसली आणि पायाखालची जमीन थरथरायला लागली. मग धुळीतून मालक दिसले. डाव्या हाताला कासरा गुंडाळलेला, उजव्या हातात तुतारी. तुतारी म्हणजे वेळूची काठी, तिच्या टोकाला लोखंडी खिळा बसवलेला असतो, त्याला आर म्हणतात. ते वाकले आणि आर बैलाच्या पुठ्ठ्यात गेली. बाहेर आली ती लाल होऊन. पुन्हा गेली. बैलाचे डोळे पांढरे झाले होते. मग मालकांनी तुतारी काखेत मारली, दुसऱ्या बैलाची शेपटी हातात घेतली आणि दातांनी करकचून चावली. तो बैल असा उसळला की छकड्याची चाकं जमिनीवरून उठली.

शेजारच्या वाटेवरच्या धुरकऱ्याचा तोल गेला. तो जुवाच्या पुढे पडला. त्याचेच बैल त्याच्यावरून गेले आणि मागून चाक गेलं. आवाज आला तो मी पुन्हा कुठे ऐकला नाही, आणि ऐकायचा नाही. लोक तिकडे धावले. मालकांची जोडी पुढे येऊन थांबली होती. ते खाली उतरले, तोंडातलं रक्त बाजूला थुंकले आणि आमच्याकडे बघून हसले. ते रक्त त्यांचं नव्हतं.

"जिंकलो व," त्यांनी जाऊबाईंना सांगितलं. माझ्याकडे नुसतं पाहिलं. नव्या नवरीशी सर्वांदेखत बोलायची रीत नव्हती.

संध्याकाळी बैलांना गरम पाण्यानं शेकायचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे पटावरून आलेल्या जोडीचे पाय घरची बाई धुते, कुंकू लावते, ओवाळते. नंतर तेल-हळद लावते. ओवाळताना बैल शांत होता. हळद लावायला मागे गेले तर पुठ्ठा चाळणीसारखा झालेला. बोट टेकलं की सगळं कातडं थरारायचं. शेपटीवर दातांचे वण होते. मी ते वण बघत राहिले तर जाऊबाई म्हणाल्या, "पाहून काय राहिली? लाव पटकन. सवय होते."

मला सवय झाली. मालक जिंकत तेव्हा हळद बैलांना लागायची. हरत तेव्हा बैलांना लागायची आणि मलाही. पटावरून माणसं परत यायला लागली की जाऊबाई रस्त्यावरच्या बोलण्यावर कान ठेवून असत. कधी धावत घरामागच्या सांदवाडीत येत आणि सांगत, "आज जोडी हरली व. तू मागच्या दारानं आत ये, समोर नको दिसू." मागच्या दारानं गेलं तरी घर तेवढंच होतं. तुतारीची आर काढून ठेवून नुसती काठी वापरत, एवढं मात्र खरं. एकदा काठी माझ्या मनगटावर तुटली. मनगट आजही पावसाळ्यात ठणकतं. त्या दिवशी मालक म्हणाले होते, "वेळू कच्चा होता," आणि दुसऱ्या दिवशी नवा तोडून आणला.

तरी ते नुसते मारके होते असं लिहिलं तर खोटं होईल. ते काम त्यांना जसं येत होतं तसं या भागात कोणाला येत नव्हतं. पटाच्या दिवशी सकाळी ते अनवाणी सगळी वाट चालून यायचे. कुठे ढेकूळ आहे, कुठे ओल आहे, कुठे खाली उंदरानं पोकरलं आहे, सगळं तळपायाला कळायचं. बैल कोणत्या खुरावर दबून चालतो ते त्यांना पाठमोऱ्यानं ऐकू यायचं. अर्धी वाट जाईपर्यंत जोडीला हात लावायचे नाहीत. "आधी त्याले त्याच्या मनानं पळू द्यायचं, मंग आपल्या मनानं," असं म्हणायचे. लांब-लांबचे जोडीवाले आपली जोडी यांच्या हातात द्यायला यायचे. सालेकशाकडून, देवरीकडून, पार छत्तीसगडच्या हद्दीपलीकडून.

एक तांबडा बैल शेवटाला पोचून जिंकला आणि उभ्या-उभ्या पुढच्या गुडघ्यांवर बसला. तोंडातून फेस, मग रक्त, मग मान टाकली. मालकांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि लहान पोरासारखे रडले. लोक बक्षीस घ्यायला हाका मारत होते, ते उठले नाहीत. घरी येऊन जेवले नाहीत. मीही त्या दिवशी रडले, मला वाटलं आता हे सुटलं. पुढच्याच पटाला ते दुसऱ्याची जोडी हाकायला गेले. तीच तुतारी घेऊन.

देवरीकडच्या जंगलातल्या एका पटात त्यांची दोन बोटं गेली. बैल उधळले, कासरा बोटांत आवळला आणि बोटं कासऱ्याबरोबर निघाली. तरी त्यांनी जोडी शेवटापर्यंत नेली. दुसरा कोणी असता तर त्यानं कासरा गुंडाळायचं सोडलं असतं. मालक त्यानंतर मनगटाला गुंडाळायला लागले. त्याआधी एकदा पटात त्यांच्या हातून कासरा सुटला होता आणि लोक हसले होते. ते हसणं त्यांना बोटांपेक्षा जास्त लागलं होतं.

मग कोर्टानं पट बंद केले. मालकांनी आर काठीतून काढून कोठ्याच्या आढ्याला खोचून ठेवली. जोडी विकली. पट नाही तर हरणंही नाही, आता मार थांबेल, असं मला वाटायचं. मार थांबला नाही, त्याचा दिवस ठरलेला होता तो मोडला एवढंच. आधी पटाच्या दिवशी सावध राहिलं की पुरायचं. आता भाजीत मीठ कमी, दार उघडायला उशीर, काहीही चालायचं. माणूस खाटेवर बसून आपल्या तुटक्या बोटांकडे बघत राहायचा आणि मग अचानक उठायचा.

त्याच वर्षांत आमच्या गाईला एक गोऱ्हा झाला, आणि पुढच्या वेतात दुसरा. दुसऱ्याच्या वेळी गाय मेली. त्या धाकट्याला मी भाताची पेज बोटानं चाटवून जगवला. थोरला त्याला चाटायचा. नावं मी ठेवली नाहीत, थोरला आणि धाकटा एवढंच. त्यांना पाणी पाजायला बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, मी न्यायची. बोडीची पार, तिचा बांध, उंच आहे, पलीकडे एकदम उतार. वासरं धावत सुटली तर पाय मोडणार. म्हणून पारीवर पोचायच्या आधी मी हाक द्यायची, "हो रे बाळा, हो." ते थांबायचे. मी त्यांच्या पुढे जाऊन उतरायची आणि मग ते माझ्या मागे उतरायचे. असे ते मोठे झाले. नांगराला लागले, चिखलणीला लागले. कोणी त्यांना टोचलं नाही, कारण टोचायची गरज पडली नाही. मालक त्यांना हसायचे. "बायकोचे बैल," म्हणायचे. "पदर दिसला का चालतात."

मग पट पुन्हा सुरू झाले. आमच्या गावचा पट भरवायचं ठरलं तेव्हा समितीचे अध्यक्ष दोघा-तिघांना घेऊन घरी आले. मी आतून चहा करत ऐकत होते.

"काका, जुन्या धुरकऱ्यांचा सत्कार ठेवून राहिलो," अध्यक्ष म्हणाले. "जुन्यातले तुम्हीच उरले. शाल, श्रीफळ, मानपत्र. अन् एक मानाची धाव."

"कोनती धाव?"

"तुम्ही एकटेच हाकायचं. शर्यत नाही. नवीन पोरायनं तुमाले हाकताना पाह्यलंच नाही ना गा. पाहू द्या."

मालकांनी खाकरून घसा साफ केला. त्यांची मान ताठ झाली हे मला आतूनही कळलं.

"पण काका, आता नियम कडक आहेत. तुतारी नाही, काठी नाही, शेपूट पिरगाळायची नाही. जनावरांचे डॉक्टर उभे राहतात."

"मंग हाकू कायनं? मंत्र मारून?"

सगळे हसले. "जोडी घरचीच घ्या," अध्यक्ष म्हणाले. "घरची जोडी असली तं शोभा दिसते."

"ते बायकोचे बैल," मालक म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी थोरल्या-धाकट्याला कोरड्या बांधीत छकड्याला जुंपून पळवायला सुरुवात केली. दोघं पळाले. बरे पळाले, पण संध्याकाळी घराकडे वळलेला बैल पळतो तसे. अर्ध्या वाटेनंतर जो जोर लागतो तो लागेना. मालक रोज काळंठिक्कर तोंड करून परत यायचे. सत्काराच्या आदल्या दुपारी त्यांनी आढ्याची आर काढली, तिचा गंज विटेवर घासून काढला आणि माझ्यापुढे टाकली.

"हे उद्याच्या कुडत्याच्या बाहीत शिव. टोक बाहेर ठेव, पण दिसू नको देऊ."

मी म्हणाले, "डॉक्टर पाहीन जी."

"हात पाहीन. बाहीत कोन पाह्यते?"

"बैलाच्या अंगावर तं दिसन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी मी एका बोलण्याला दोनदा उत्तर देत नाही. "शिव म्हनलं तं शिव," ते म्हणाले आणि दाढी करायला गेले.

आर हातात घेतली तेव्हा ती हलकी वाटली. इतक्या जनावरांच्या अंगात शिरलेली वस्तू एवढीशी होती. थोरला कोठ्यात तणस खात उभा होता. त्याच्या पुठ्ठ्यावर एक डाग नव्हता. मी त्या दिवशी फार विचार केला असं नाही. उद्या आर नाही सापडली तर काय होईल हे मला माहीत होतं. एक तर या दोघांच्या कातडीला लागणार, नाही तर माझ्या. माझं कातडं जुनं झालं होतं. मी घागर घेऊन बोडीवर गेले, आर पाण्यात फेकली, घागर भरून घरी आले. मग तुराटीचा एक तुकडा आरीएवढा तोडला, टोक दाबून बोथट केलं आणि बाहीच्या दुमडीत शिवून टाकला. रात्री मालकांनी बाही चाचपून पाहिली. कडक लागलं. ते झोपले.

पटाच्या मैदानावर दुसऱ्या दिवशी मोठा मंडप होता. एका बाजूला डीजे, एका बाजूला भजी-जिलेबीची दुकानं, मध्ये वाटा आणि दोन्हीकडे बांबूंचे कठडे. मालकांना खुर्चीवर बसवलं, शाल घातली. शाळेच्या गुरुजींनी मानपत्र वाचलं. मग मालकांच्या हातात माइक दिला. ते म्हणाले, "बैल म्हंजे देव. मी माझ्या उभ्या जन्मात बैलाले मारलं नाही. मायेनं हाकलं." टाळ्या वाजल्या. कोणी शिट्टी मारली.

जाऊबाई माझ्या शेजारी होत्या. त्यांचे मालक म्हणजे माझे वारलेले थोरले दीर, तेही एके काळी पट हाकायचे.

"ऐकून राहिली का व?" त्यांनी विचारलं.

"ऐकून राहिली."

"मंग आपल्या पाठीले का मुंगळे चावले होते?"

मला हसू आलं आणि ते दाबता-दाबता ठसका लागला. त्यांनीच माझ्या पाठीवर थापटलं.

आम्ही दोघी वाटेच्या शेवटाकडे गेलो. मला थोरल्या-धाकट्याजवळ राहायचं होतं. लांबून दिसत होतं, डॉक्टरांनी मालकांचे हात उघडून पाहिले, दोन बोटांच्या जागा पाहिल्या, काहीतरी विचारलं. मालकांनी हसून त्यांना रामराम केला. छकड्यावर चढले. कासरा डाव्या मनगटाला गुंडाळला, एक वेढा, मग आणखी. झेंडी पडली.

सुरुवात फार सुंदर झाली. हे मी मनापासून लिहिते. वय झालेला माणूस, पण छकड्यावर उभा राहिला तो झाड उभं राहावं तसा. दोन्ही बैल एका पावलात पळत होते. लोक कठड्याला येऊन टेकले. अर्धी वाट तशी गेली. मग ते वाकले आणि उजवी बाही थोरल्याच्या पुठ्ठ्यावर दाबली. काही झालं नाही. पुन्हा दाबली, जोरानं. तुराटी मोडली असणार. त्यांनी बाहीकडे पाहिलं. तेवढ्या क्षणात बैल ढिले पडले, चालीवर आले. कठड्यावरून एक पोरगा ओरडला, "दादाजी, बस छूट जाएगी!" आणि सगळं मैदान हसलं.

मी मालकांचा चेहरा लांबून पाहिला आणि पुढचं मला आधीच कळलं. त्यांनी शेपटी उचलून तोंडात धरली, पण समोरचे दात आता नाहीत. मग दोन्ही हातांनी पिरगाळली. हिरव्या वेळूसारखी ती मधेच वाकली. थोरल्यानं असला हंबरडा फोडला की डीजेवरून ऐकू आला. त्याला आयुष्यात कोणी असं केलं नव्हतं. पुढे पळायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. तो बाजूला उडाला. धाकटा जुवाबरोबर ओढला गेला, चाक धुऱ्यावर चढलं आणि छकडा उलटला.

मालक खाली पडले. कासरा मनगटालाच होता. बैल उधळले आणि मालक त्यांच्या मागे फरफटत निघाले, एकदा पाठीवर, एकदा तोंडावर, उलटा छकडा त्यांच्यावर आपटत. शाल चाकात गुंडाळून फाटत गेली. कठडा मोडला. बाया-माणसं एकमेकांना तुडवत पळाली. जिलेबीची कढई उलटली, एक माणूस भाजून किंचाळत होता. जाऊबाईंनी माझा दंड धरून मागे ओढलं. बैल सरळ आमच्याच दिशेनं येत होते.

मी दंड सोडवून घेतला आणि वाटेत जाऊन उभी राहिले. चारचौघांदेखत हाक दिली. "हो रे बाळा, हो. हो." लोक आता सांगतात की डीजेपेक्षा माझा आवाज मोठा होता. तसं काही नाही, डीजे तोवर कोणीतरी बंद केला होता. धाकट्यानं आधी मान खाली घातली. थोरला आणखी ओढत आला आणि माझ्या अंगावर फेस उडाला एवढ्या अंतरावर थांबला. त्याचे चारी पाय कापत होते. शेपटी मधूनच लोंबत होती.

मालक चाक आणि धुऱ्याच्या मध्ये पडले होते. खांदा उखडून पाठीमागे गेला होता, अर्धा चेहरा सोललेला. मनगटाची गाठ हातानं सुटेना म्हणून मी दातांनी सोडवली. कुडत्याची बाही फाटून तुराटीचा मोडका तुकडा बाहेर आला होता. त्यांनी तो पाहिला. मग मला पाहिलं.

"आर कुठं आहे?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"बोडीत."

तेवढ्यात डॉक्टर आणि समितीची माणसं येऊन पोचली.

गोंदियाच्या दवाखान्यात खांदा बसवला. बरगड्या मोडल्या होत्या. घरी आले तेव्हा डावा हात गळ्यात बांधलेला होता, उजवा मोकळा होता. त्या संध्याकाळी मी त्यांना परातीत भाकर घेऊन गेले. त्यांनी मोकळ्या हातानं माझ्या कानशिलात मारली. जोर कमी नव्हता, कानात बराच वेळ वाजत राहिलं. मी परात पडू दिली नाही.

"बैलाले आर लागली नाही," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा हात उचलला आणि तसाच खाली घेतला. मग भाकर मागितली.

थोरल्याची शेपटी जाऊबाईंनी आणि मी बांबूच्या खपच्या लावून बांधली. हाड बसलं नाही. आता ती एका बाजूला लोंबते, माश्या त्याला हाकलता येत नाहीत. धाकटा त्याच्या पाठीवरच्या हाकलतो. गावातलं कोणी भेटायला आलं की मालक सांगायचे, "पडलो तरी जोडी मीच थांबवली." मी आत असायची. आणलेलं पाणी बाहेर नेऊन द्यायची.

यंदा धान निघालं आणि अध्यक्ष परत आले. खाटेवर बसून मोबाइलमधला मागच्या वर्षीचा व्हिडिओ मालकांना दाखवला, फक्त सुरुवातीचा भाग.

"काका, लोकायले तुमची जोडी लई आवडली. यंदा मानाची जोडी मनून तीच पळवू. तुमी नको बसू, हाकायले एक नवीन पोरगा पाह्यला आहे. चांगला आहे."

मालकांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. स्वतःला उभं पाहिलं. मग मोबाइल परत दिला आणि मोठ्यानं हसले. "माझे कुठं आहेत गा ते? बायकोचे बैल. तिलेच विचारा."

समितीची माणसंही हसली. मी चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होते. नेहमीसारखे कप ठेवून मागे फिरले असते तर बैल गेले असते. अध्यक्ष माझ्याकडे न बघताच थट्टेनं म्हणाले, "काय काकू, नेऊ का मंग?"

"नाही," मी म्हणाले. "ते पटाले नाही जात."

त्यांनी आता वर पाहिलं. "काकू, आता आर नाही, काठी नाही, काही नाही. कायले भेता?"

"मागच्या सालीही नव्हती," मी म्हणाले. "शेपूट तं होती."

कोणी हसलं नाही. मी कप हातातच धरून होते. मालक भिंतीला टेकून बसले होते, उजवा हात मांडीवर. ते माझ्या हातांकडे बघत होते की कपांकडे, मला कळलं नाही.

"ऐकलं ना गा?" ते अध्यक्षांना म्हणाले. "चहा घ्या अन् निघा."